तिसरं काडतूस

बंदूक घरी चालायची आणि शेतात अडायची. क्लोव्हिस हार्गेटचं त्या डिसेंबरातलं दुखणं एवढंच होतं, आणि ते चारचौघांत सांगायची सोय नव्हती. ज्यानं बत्तीस हंगाम एकाच घराण्याच्या शेतावर पाहुण्यांना बदकांच्या शिकारीला नेलं, त्याचीच बंदूक ऐन वेळी मुकी होते म्हटल्यावर लोक हसणारच. आमच्या आर्कान्सातल्या भातपट्ट्यात लोकांना हसायला तसंही फार काही लागत नाही.

भात निघालं की इथली शेतं पाण्यानं भरून ठेवतात. सांडलेल्या दाण्यावर उत्तरेकडची बदकं उतरतात आणि बदकांच्या मागं मेम्फिसहून पैसेवाले येतात. बांधात एक लोखंडी पेटी पुरलेली असते, तिला आम्ही खड्डाच म्हणतो. त्यात फळीवर बसून ते बार काढतात. बाकीचं सगळं गाइड करतो. उजाडायच्या आत पाण्यावर धरलेलं बर्फ फोडायचं, खोटी बदकं मांडायची, शिट्टी फुंकून थवा खाली आणायचा, आणि पाहुण्यांनी अर्धमेलं करून सोडलेलं बदक आपल्या बंदुकीनं संपवायचं. हे शेवटचं काम क्लोव्हिस फार मनावर घ्यायचा. जखमी पक्षी पाण्यात तडफडत ठेवून घरी जाऊन जेवणाऱ्याला तो माणसात धरत नसे. त्याची कुत्री सप्टेंबरात मेली होती आणि साठीनंतर नवं पिल्लू शिकवायला घ्यायचा धीर त्याला झाला नव्हता. त्यामुळं सगळी मदार बंदुकीवर होती.

बंदूक बारा बोअरची, आपलं आपण काडतूस भरून घेणारी. एक बार उडाला की त्याच्याच धक्क्यानं रिकामं टरफल बाहेर पडतं आणि नळीखालच्या कोठीतलं पुढचं काडतूस वर येतं. माणसानं फक्त घोडा दाबायचा. क्लोव्हिसनं ती पंचवीस वर्षांपूर्वी घेतली होती. दस्त्याला चीर गेली होती, तिथं त्यानं काळी चिकटपट्टी गुंडाळली होती. त्या पट्टीवरून ती बंदूक सगळ्या काउंटीत ओळखली जायची.

नोव्हेंबरअखेरच्या थँक्सगिव्हिंगच्या सणापासून तिनं खोडी काढली. पहिला बार व्हायचा, दुसरा व्हायचा, तिसरं काडतूस कोठीतच बसून राहायचं. एकदा झालं, दोनदा झालं. मंगळवारी मालकाच्या डोळ्यांदेखत झालं. हिरव्या डोक्याचा एक मोठा नर पंख मोडून पडला आणि पाणी कापत पळायला लागला. क्लोव्हिसचे दोन बार पाण्यावर गेले. तिसऱ्याला घोडा दाबला तर नुसती खट्ट. नर पलीकडच्या लव्हाळ्यात शिरला तो शिरलाच. क्लोव्हिस कमरेएवढ्या पाण्यात तासभर त्याला शोधत फिरला आणि रबरी बुटात पाणी भरून रिकाम्या हातानं परत आला.

मालक ल्यूथर प्रॅदर अडतीस वर्षांचा होता. त्याच्या आयुष्यातलं पहिलं बदक त्यानं क्लोव्हिसच्या मांडीवर बसून पाडलं होतं. थोरला प्रॅदर, म्हणजे त्याचा बाप, गेला त्या दिवसापासून क्लोव्हिस त्याला मिस्टर ल्यूथर म्हणायला लागला आणि त्यानंही ते म्हणू दिलं.

"म्हातारी कोण झालीय क्लोव्हिस, बंदूक की तू?" मालक म्हणाला. मग हसणं आवरून म्हणाला, "शनिवारी मेम्फिसचा दातांचा डॉक्टर येतोय, मेव्हण्याला घेऊन. तिथं हे चालायचं नाही. पुन्हा अडली तर मला रँडलला लावावं लागेल. मला ते आवडणार नाही, पण लावावं लागेल."

रँडल म्हणजे मालकाचा भाचा. उन्हाळ्यात त्याचं लग्न झालं होतं आणि तो बायकोला घेऊन सासऱ्याच्या घरी राहत होता. क्लोव्हिस ज्या घरात राहायचा ते बांधावरचं घर त्याचं नव्हतंच. ते गाइडचं घर. जो गाइड, त्याचं घर, असा थोरल्या प्रॅदरपासूनचा शिरस्ता. लिहिलेलं काही नव्हतं, त्यामुळं मोडायचीही भानगड नव्हती. घर गेलं तर जोन्सबरोला मुलीच्या दोन खोल्यांत जाऊन पडायचं, जिथं आधीच तीन पोरं आणि जावई होते. त्याची बायको ओरा त्या जावयासमोर पाणी पिताना ग्लाससुद्धा धुऊन ठेवायची.

दुपारी क्लोव्हिसनं स्वयंपाकघरातल्या टेबलावर वर्तमानपत्र पसरलं आणि बंदूक खोलली. नळी काढली, आतला सरकता ठोकळा काढला, दोन खिळी ठोकून काढली आणि घोड्याचा सगळा संच बाहेर घेतला. रॉकेलमध्ये भिजवलेल्या जुन्या बनियननं एकेक भाग पुसला. धूर साचून काळी झालेली खाच त्यानं दात घासायच्या ब्रशनं घासली. बोटांची पेरं सुजलेली असल्यानं बारीक स्प्रिंग दोनदा हातातून उडाली आणि तो गुडघ्यांवर रांगत चुलीखाली शोधत बसला.

ओरा सोलण्याच्या शेडवरून परतली. शिकाऱ्यांची बदकं सोलून, आतडी काढून, पिशव्यांत भरून द्यायचं तिचं काम. तिच्या केसांत, बाह्यांवर, भुवयांतसुद्धा पिसं असायची. तिनं कोपरानं दार लोटलं, टेबलाकडं बघितलं आणि विचारलं, "आज जेवायचं कुठं? नळीवर का घोड्यावर?"

क्लोव्हिसनं मालकाचं बोलणं सांगितलं. तिनं उभ्या उभ्या कॉर्नब्रेडचा तुकडा दुधात बुडवून खाल्ला आणि हात धुऊन त्याच्यासमोर दिवा धरून उभी राहिली.

अंधार पडायच्या आत बंदूक जुळून झाली. क्लोव्हिस मागच्या बांधावर गेला आणि चिखलात तीन बार काढले. एक, दोन, तीन. पुन्हा भरली, पुन्हा तीन. कुठं म्हणून अडली नाही. तो घरात आला तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर महिनाभरानं हसू होतं आणि त्यानं दोन वाट्या घेवड्याचं कालवण खाल्लं.

बुधवारी सकाळी खड्ड्यात पहिल्याच थव्याला तिसरं काडतूस अडलं.

त्यानंतरचे दीड दिवस त्यानं काय नाही केलं? सरकत्या ठोकळ्यामागं नवी स्प्रिंग घातली. जी खाच खरखरीत वाटली ती बारीक कागदानं घासून आरशासारखी केली. जास्त दारूची काडतुसं आणली, त्यांनी त्याचा खांदा निळा झाला, पण तिसरं काडतूस हललं नाही. पंप बघून, बांधाची फूट बुजवून, दुपारी तो गावात बंदूक दुरुस्त करणाऱ्याकडं गेला. त्यानं दुकानामागं तीन बार काढले, तिन्ही निघाले. त्यानं बंदूक परत देत विचारलं, मिस्टर क्लोव्हिस, घरी सगळं बरं आहे ना. दुकानात बसलेले दोघं खाली मान घालून हसले. क्लोव्हिसला वाटलं, यापेक्षा त्यानं बंदूक मोडकी आहे म्हणून फेकून दिली असती तर बरं.

गुरुवारी दुपारी बंदूक पुन्हा टेबलावर होती. ओरा न्हाणीचं दार खांद्यानं ढकलत होती. शेतात पाणी चढलं की हिवाळाभर ते दार लागायचं नाही, मग मार्चमध्ये आपोआप नीट व्हायचं. तिनं दाराला एक लाथ घातली आणि तिथंच थांबली.

"क्लोव्हिस, तुझ्या बंदुकीत लाकूड कुठं हाय?"

"दस्ता हाय की."

"आत. आत कुठं हाय का?"

क्लोव्हिसनं हातातलं फडकं खाली ठेवलं. आत होतं. सरकारचा कायदा असा, की बदकांवर जाताना बंदुकीत एकूण तीनच काडतुसं मावली पाहिजेत. म्हणून कोठीत, स्प्रिंगच्या वेटोळ्यात, एक दांडी घालून ठेवतात. दांडी असली की कोठीत दोनच काडतुसं जातात आणि एक वर नळीत. त्याची जुनी दांडी ऑक्टोबरात तुटली होती. नवी त्यानं बांधावरच्या विलोची ओली फांदी तासून स्वतःच केली होती, पाच मिनिटांत, चाकूनं, ट्रकच्या पायरीवर बसून.

त्यानं कोठीचं टोपण फिरवलं आणि दांडी ओढली. ती येईना. पकडीनं धरून ओढली तेव्हा स्प्रिंगचे वळ अंगावर घेऊन बाहेर आली. शेतात पाण्यानं फुगायची, स्प्रिंगला आवळून धरायची आणि शेवटच्या काडतुसाला वर ढकलायला स्प्रिंगमध्ये जोर उरायचा नाही. घरी आणली की चुलीच्या उबेला सुकायची आणि साळसूद व्हायची.

"बत्तीस वर्षं," क्लोव्हिस म्हणाला. "बत्तीस वर्षं या पाण्यात काढली, आन् ओलं लाकूड घातलं."

"माझ्या दारावरून हे कुणाला सुचलं, ते सांग फक्त," ओरा म्हणाली.

त्यानं मासे धरायच्या जुन्या काचतंतूच्या गळाच्या काठीचा तुकडा मापानं कापला, टोकं घासली, कडा बोटानं पुन्हा पुन्हा तपासल्या. नवी दांडी घालून त्यानं अंगणातलं जस्ताचं घंगाळ पाण्यानं भरलं आणि भरली नसलेली बंदूक अख्खीच्या अख्खी त्यात बुडवली. ओरा म्हणाली की साबण पण लाव, मानेमागं मळ असेल. दोन तास ती बंदूक घंगाळात होती. मग त्यानं निथळून, नळीतलं पाणी काढून, पुसून, बांधावर नेऊन तीन बार काढले. तिन्ही निघाले. शुक्रवारी सकाळी खड्ड्यात कुणी पाहुणा नव्हता. तो एकटाच पाण्यात उभा राहिला, बोटं गारठून लाकूड होईपर्यंत थांबला आणि तीन बार काढले. एक, दोन, तीन. तो बांधावर बसला आणि रडला. थंडीनंही डोळ्यांत पाणी येतं, पण तो रडला हे मला त्यानंच सांगितलं.

शनिवारी खड्ड्यात चौघं होते. मालक, दातांचा डॉक्टर, त्याचा मेव्हणा आणि क्लोव्हिस. खड्ड्यात उतरलं की गाइडनं प्रत्येकाची बंदूक हातात घ्यायची, कोठीत काडतुसं सारून बघायची, तिसरं शिरलं तर बंदूक बाहेर ठेवायची. दांडी नसलेली बंदूक शिकारीवर नजर ठेवणाऱ्या सरकारी वॉर्डनला सापडली तर ज्याची त्याला शिक्षा, आणि गाइडचाही जीव टांगणीला. क्लोव्हिसनं डॉक्टरची बघितली, मेव्हण्याची बघितली. मग त्यानं मालकापुढं हात केला. मालकाकडं नवी इटालियन बंदूक होती, दस्त्यावर अक्रोडाच्या लाकडाची नक्षी.

"आता माझीही तपासणार का?" मालक पाहुण्यांकडं बघून म्हणाला. "यालाच मी पगार देतो, आणि हाच माझी झडती घेतो."

पाहुणे हसले. क्लोव्हिसही हसला आणि हात मागं घेतला. मालकाची बंदूक कोण तपासतं? आमच्याकडं बापजन्मात कुणी तपासली नव्हती.

सकाळ छान गेली. पाण्यावर पातळ बर्फ होतं, वारा पाठीमागून होता आणि थवे पाय खाली सोडून येत होते. डॉक्टर बरा नेम धरायचा, मेव्हणा आभाळ फोडायचा. त्यानं अर्धमेली केलेली दोन बदकं क्लोव्हिसनं एकेका बारात संपवली. तिसरं लांब पळालं. पहिला बार आखूड पडला, दुसरा उजवीकडं गेला, आणि तिसऱ्याला बदक पाण्यावर उताणं झालं. क्लोव्हिसनं मालकाकडं बघितलं नाही, पण त्याच्या स्वतःच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. मालक पाहुण्यांना सांगत होता की अशी माणसं आता मिळत नाहीत.

नऊच्या सुमाराला बांधाच्या टोकाला हिरवा ट्रक थांबला. त्यातून वॉर्डन उतरली आणि पाण्यातून चालत यायला लागली. नेल्डा पोटीट, आमच्याच शाळामास्तरांची मुलगी, तिशीची. तीनशे पावलांचं पाणी होतं, चिखल होता, तिला यायला सात-आठ मिनिटं तरी लागणार होती. डॉक्टरनं परवाना शोधायला खिसे चाचपले. मालकानं आपली बंदूक मांडीवर घेतली, कोठीत काडतूस सारलं, दुसरं सारलं, तिसरंही गेलं. त्याचा चेहरा पडला.

"फेब्रुवारीत पांढऱ्या कलहंसांसाठी दांडी काढली होती," तो हळू म्हणाला. वसंताआधी त्या कलहंसांना सरकार दांडीशिवाय मारू देतं, ते फार माजलेत म्हणून. "परत घालायची राहून गेली."

मालकानं घाईनं काडतुसं बाहेर काढली. मग तो क्लोव्हिसकडं न बघता बोलायला लागला, आवाज अगदी शांत.

"मी काउंटीच्या समितीवर आहे. माझं नाव पेपरात येईल. शेताचा शिकारीचा करार जाईल, मग कुणाचंच काही राहणार नाही, तुझंही नाही." तो थांबला. "आणि तपासणं तुझं काम होतं क्लोव्हिस. प्रत्येकाची बंदूक तपासणं. मग माझी का नाही तपासलीस?"

क्लोव्हिसनं तोंड उघडलं. मी हात केला होता, तुम्ही हसलात, एवढंच म्हणायचं होतं. डॉक्टर ऐकत होता, मेव्हणा ऐकत होता, दोघांनीही ते पाहिलं होतं. ते दोघं आपल्या बुटांकडं बघत होते. क्लोव्हिसनं तोंड मिटून घेतलं.

मालकानं हात लांब करून क्लोव्हिसच्या खुंटीवरची बंदूक उचलली आणि आपल्या खुंटीवर टांगली. इटालियन बंदूक क्लोव्हिसच्या खुंटीवर गेली. एवढंच झालं. खड्डा लहान असतो, नुसता हात लांब केला की होतं.

नेल्डा आली, सगळ्यांना नमस्कार म्हणाली, परवाने बघितले, बदकं मोजली. मग तिनं खिशातून रिकामी काडतुसं काढली आणि एकेक बंदूक घेतली. डॉक्टरची ठीक. मेव्हण्याची ठीक. मग काळ्या पट्टीची बंदूक. दोन गेली, तिसरं गेलं नाही.

"ही कुणाची?"

"माझी," मालक म्हणाला.

नेल्डानं त्या पट्टीवरून अंगठा फिरवला. ती आठवीत असताना तिच्या वडिलांबरोबर याच खड्ड्यात बसली होती आणि तेव्हा क्लोव्हिसनं हीच बंदूक तिच्या खांद्याला लावून दिली होती. तिनं ती खाली ठेवली आणि नक्षीची घेतली. एक, दोन, तीन, चार गेली.

"आणि ही?"

"माझी," क्लोव्हिस म्हणाला.

"मिस्टर क्लोव्हिस, मी पुन्हा विचारते. मला घाई नाही, दिवसभर इथं उभी राहीन. ही बंदूक तुमची आहे?"

सुटायचं दार उघडं होतं. तिनं स्वतः ते धरून ठेवलं होतं आणि क्लोव्हिसला ते दिसत होतं. त्यानं एक शब्द बोलायचा होता, मग मालकाला शिक्षा झाली असती आणि रविवारी दुपारी रँडल आपला पलंग घेऊन बांधावरच्या घरात आला असता. त्याला जावयाच्या घरी ग्लास धुणारी ओरा दिसली.

"व्हय. माझीच."

"कधी घेतली?"

"यंदा."

"आणि दांडी?"

गुरुवारपासून ज्यानं दांडीशिवाय दुसरा विचार केला नव्हता, त्या माणसाला त्या क्षणी जमीन पोटात घेईल तर बरं असं वाटलं.

"इसरलो," तो म्हणाला.

नेल्डानं लिहून घेतलं. त्याचा गाइडचा परवाना काढून घेतला आणि फेब्रुवारीतली कोर्टाची तारीख दिली. बंदूक पुरावा म्हणून न्यावी लागेल म्हणाली. जाताना तिनं मालकाकडं बघून हात हलवला नाही, क्लोव्हिसकडं बघूनही नाही. पाण्यातून ती पाठमोरी चालत गेली, तिच्या खांद्यावर ती नक्षीची बंदूक होती.

क्लोव्हिस सोलण्याच्या शेडवर गेला तेव्हा ओराच्या मांडीत डॉक्टरचंच बदक होतं. त्यानं उभ्या उभ्या सगळं सांगितलं. ऐकताना तिचे हात चालू होते, शेवटी शेवटी थांबले.

"आपली बंदूक कुठं हाय?"

"मालकाकडं. त्यांचीच म्हणून सांगितली न्हवं, मग मी घरी कशी आणू?"

"घर ऱ्हायलं म्हण की."

"ऱ्हायलं."

ओरानं मूठभर पिसं उपटली आणि पिंपात टाकली. "मला इचारायचं तरी," ती म्हणाली. "मी जावयाचे ग्लास आणखी शंभर वर्षं धुतले असते रे." मग ती पुन्हा बदकाकडं वळली आणि तो घरी जाईपर्यंत तिनं मान वर केली नाही.

दुपारी मालक आला. मीठ लावून धुरावलेली डुकराची अख्खी तंगडी घेऊन आला होता, कागदात गुंडाळलेली. तो त्याच टेबलाशी बसला आणि ओरानं कॉफी दिली, कारण घरी आलेल्याला कॉफी द्यावी लागते. दंड माझ्याकडं लागला, तो म्हणाला. वकील माझा. घराची काळजी करू नकोस. परवाना नाही म्हणजे पाहुण्यांना नेता येणार नाही, ते रँडल बघेल, तू पंप बघ, बांध बघ, बर्फ फोड. रँडल सध्यापुरता क्लबच्या खोलीत राहील. सध्यापुरता हा शब्द त्यानं दोनदा वापरला. ओरानं दोन्ही वेळा त्याच्याकडं बघितलं.

"बंदूक मात्र केस होईपर्यंत माझ्याकडंच राहू दे," मालक म्हणाला. "वॉर्डन पुन्हा येईल, माझ्या हातात दिसायला हवी. पण काय रे, तू तिला मस्त केलीस. मंगळवारी तर मेल्यासारखी पडली होती. काय केलंस?"

आणि क्लोव्हिसनं सांगायला सुरुवात केली. विलो कशी फुगते, स्प्रिंग कशी आवळते, गळाच्या काठीचा तुकडा नेमका केवढा कापला, कडा का घासाव्या लागल्या, घंगाळात दोन तास कशी ठेवली. त्याचे हात टेबलावर मापं दाखवत होते, आवाज चढला होता, डोळ्यांत चमक आली होती. अर्ध्यावर त्याचं लक्ष ओराकडं गेलं. ती चुलीशी पाठ करून उभी होती. तो बोलायचा थांबला आणि हात टेबलाखाली घेतले. मालक म्हणाला, वा, हे रँडललाही सांगून ठेव.

सोमवारी मालक आणि रँडल पाहुण्यांना घेऊन खड्ड्यात गेले. क्लोव्हिस त्यांच्याआधी जाऊन बर्फ फोडून आला होता. आता तो घराजवळच्या पंपाला वंगण देत होता आणि ओरा पायरीवर बसून शेडवर जायचे बूट चढवत होती. उजाडलं. पाण्यावर धुकं होतं. एक मोठा थवा घराच्या छपरावरून गेला आणि खड्ड्याच्या दिशेनं उतरला.

बार सुरू झाले. नव्या बंदुका कोरड्या वाजतात. त्या सगळ्यांतून एक जाड, जुना आवाज वेगळा आला आणि क्लोव्हिसचा हात वंगणाच्या डब्यात थांबला. थोड्या वेळानं पुन्हा तोच आवाज. कुणीतरी लांब पळणाऱ्या जखमी बदकावर बार काढत होतं. दोन झाले. क्लोव्हिसनं श्वास रोखला. तो स्वतःच्याही नकळत मनात म्हणत होता, चल गं, चल.

तिसरा बार झाला, स्वच्छ, बिनअडथळा.

त्याचे खांदे सैल पडले. तो हसला होता, आणि हसलो हे त्याच्या लक्षात आलं तेव्हा ओरा त्याच्याकडंच बघत होती.

"आपली न्हवं ती?" तिनं विचारलं.

क्लोव्हिसनं फडक्याला हात पुसले. एकेक बोट पुसलं.

"न्हाई," तो म्हणाला. "मालकाची."